बिनसांप्रदायिक, पंथनिरपेक्ष, धर्मनिरपेक्ष : एका टेबलावर तीन शब्द

नीलाक्षी_बडोदा (धागाकर्ती)

दिवाळीच्या सुट्टीत आमच्या दांडिया बाजारच्या घरी तीन शाळांची पुस्तकं एकत्र आली. माझी मुलगी गुजराती माध्यमात नववीत आहे. भाचा पुण्याहून आलेला, मराठी माध्यमातला. नणंदेचा मुलगा केंद्रीय विद्यालयात, त्याचं पुस्तक हिंदीतलं. संविधानाची उद्देशिका कोण न अडखळता म्हणतं अशी तिघांची पैज लागली. भाचा म्हणाला, "सार्वभौम समाजवादी धर्मनिरपेक्ष लोकशाही गणराज्य." लगेच नणंदेच्या मुलानं अडवलं, "चुकलास, पंथनिरपेक्ष." माझी मुलगी दोघांना म्हणाली, "तुम्ही दोघंही चूक, बिनसांप्रदायिक." शेवटी फराळाची ताटं बाजूला सारून तिन्ही पुस्तकं टेबलावर उघडली. तिघंही बरोबर होते. इंग्रजी 'सेक्युलर'ला तीन भाषांत तीन शब्द.

"आई, अर्थ एकच ना?" मुलीनं विचारलं. मी "हो, एकच" म्हणून गेले. मग भांडी आवरताना ते उत्तर खटकत राहिलं, कारण अर्थ एक नाही.

गुजरातीत संप्रदाय हा रोजच्या वापरातला शब्द आहे. स्वामिनारायण संप्रदाय, पुष्टिमार्गी संप्रदाय. त्यामुळे माझ्या मुलीच्या मनात बिनसांप्रदायिक म्हणजे कुठल्या पंथाची कंठी न बांधलेला. हिंदीत मात्र 'सांप्रदायिक' म्हटलं की पुढे 'दंगा' येतो. त्याच दंग्याला आपण मराठीत 'जातीय दंगल' म्हणतो आणि इथली गुजराती वर्तमानपत्रं 'कोमी रमखाण' छापतात. रोगाची नावं तीन भाषांत तीन, मग औषधाचीही तीन झाली.

पंथनिरपेक्ष म्हणणारे सांगतात की धर्म म्हणजे कर्तव्य, ते राज्यानं कसं सोडावं, सोडायचा तो पंथ. हे म्हणणं मी उडवून लावणार नाही. आपणही शेजारधर्म म्हणतो, राजधर्म म्हणतो, भुकेल्याला जेवू घातलं तर दानधर्म म्हणतो. 'धर्मनिरपेक्ष' ऐकून माझ्या सासऱ्यांना खरोखर वाईट वाटायचं. राज्याला कसलीच चाड नको असं त्यांना त्यातून ऐकू यायचं.

तरी मला तिन्हींत मराठी शब्दच आवडतो, आणि तो त्यातल्या 'निरपेक्ष'मुळे. निरपेक्ष प्रेम, निरपेक्ष सेवा असं आपण म्हणतो तेव्हा समोरच्याकडून काही अपेक्षा नसते. रेशन, शाळेतली जागा, दवाखान्यातला केसपेपर, कोर्टातला न्याय हे मला देताना राज्यानं माझ्याकडून कुठल्याही धर्माची अपेक्षा ठेवू नये. हा असावा, तो नसावा, किंवा एखादा तरी असावाच, अशी कसलीही नाही.

'सेक्युलर' शब्द मुळात आला कुठून, आपल्याकडे कसा पोचला, हे जाणकारांनी सविस्तर लिहावं. बडोद्यातली उदाहरणं असतील तर फारच बरं.

सूरसागरकाठ

चांगला विषय काढलात, ताई. उगमाबद्दल लिहितो.

मूळ लॅटिन शब्द सेक्युलम. अर्थ पिढी, एका माणसाच्या आयुष्याएवढा काळ, आणि पुढे शतक. फ्रेंचमधला सिएक्ल आणि स्पॅनिशमधला सिग्लो हे शतकासाठीचे शब्द तिथूनच आले. चर्चनं तो शब्द 'या काळातलं, या जगातलं' अशा अर्थानं घेतला आणि त्याच्यासमोर शाश्वत ते ठेवलं. मठात नियमानं राहणारे पाद्री वेगळे, आणि गावात लोकांमध्ये राहून बारशी, लग्नं, मयतं करणारे 'सेक्युलर' पाद्री वेगळे. म्हणजे कित्येक शतकं हे विशेषण खुद्द पाद्र्यांनाच लागत होतं. आपल्याकडे अगदी जवळची जोडी आहे : प्रपंच आणि परमार्थ. सेक्युलर म्हणजे प्रपंचातलं. 'इहवाद' हा मराठी शब्द त्याच वाटेनं आला आणि मूळ अर्थाला तोच सर्वांत जवळचा आहे. पण तो पुस्तकांतच राहिला, बोलण्यात उतरला नाही.

नंतर युरोपात धर्मावरून लढाया झाल्या. १६१८ ते १६४८ अशी तीस वर्षं जर्मन प्रदेश भाजून निघाला. त्या काळच्या तहांत चर्चच्या जमिनी राजांकडे गेल्या आणि या हस्तांतरालाही त्याच धातूतलं नाव मिळालं. तेव्हा त्याचा अर्थ अगदी सातबारा बदलण्याइतका रोकडा होता.

सेक्युलर या शब्दाला 'वाद', म्हणजे 'इझम', जोडला जॉर्ज जेकब होलिओक यानं, १८५१ साली. हा बर्मिंगहॅमचा, लहानपणापासून ओतशाळेत काम केलेला माणूस. १८४२ साली चेल्टनहॅमला त्याचं व्याख्यान झालं. विषय होता नव्या वसाहतींत मजुरांचं जगणं. शेवटी कुणीतरी उठून विचारलं, यात देवाची जागा कुठे? तो म्हणाला, लोक इतके गरीब आहेत की देवाला अर्ध्या पगारावर ठेवावं लागेल. तेव्हा कामावर नसलेल्या लष्करी अधिकाऱ्यांना अर्धा पगार मिळत असे, त्यावरून तो बोलला होता. ईशनिंदेच्या गुन्ह्याखाली सहा महिने तुरुंग झाला. तो आत असतानाच त्याची लहान मुलगी वारली.

'देव नाही' असं सेक्युलॅरिझमला सांगायचं नव्हतं. होलिओकचं म्हणणं एवढंच की देव आहे की नाही हा वाद ज्याचा त्यानं ठेवावा, पण भाकरी, मजुरी, शिक्षण आणि आरोग्याची कामं त्या वादाचा निकाल लागेपर्यंत थांबवू नयेत, आणि ती करताना शेजारच्याचा धर्म विचारू नये. हा माणूस पुढे सहकारी चळवळीचा मोठा प्रचारक झाला. १८४४ साली रॉचडेलच्या विणकरांनी काढलेल्या सहकारी भांडाराचा इतिहास त्यानंच लिहिला. त्या चळवळीचं एक तत्त्व होतं धार्मिक तटस्थता. दुकान सगळ्यांचं, सभासदाचा पंथ कुठलाही असो.

मकरपुरा_अनिल

वाचतोय. पाद्र्यांचं माहीत नव्हतं.

गिरनारी

सूरसागरकाठ, माहिती उत्तम. पण यातून एक दिसतं की रोग त्यांचा होता. तीस वर्षं कत्तली केल्या, मग औषध शोधलं. ते औषध आपण का घ्यावं?

माझं गाव जुनागढजवळ. गिरनारच्या पायथ्याला अशोकाचा शिलालेख आहे, त्यात बारावा लेख वाचा. सर्व पाखंडांचा (तेव्हाच्या भाषेत पंथांचा) आदर करावा, आपल्या पंथाची स्तुती आणि दुसऱ्याची निंदा करताना वाणीला लगाम घालावा, 'समवायो एव साधु', म्हणजे मेळ हाच चांगला. सव्वादोन हजार वर्षांपूर्वीचा दगड आहे तो. आणि बडोद्याचंच उदाहरण हवं तर खंडेराव महाराजांचा मोत्यांचा गालिचा घ्या. मराठा हिंदू राजा, आणि मदिनेला पैगंबरांच्या कबरीवर घालण्यासाठी बसऱ्याच्या मोत्यांचा, हिरेमाणकं जडवलेला गालिचा करवून घेतो, १८६५च्या सुमारास. जगात दुसरं असं कुठे झालंय? याला सर्वधर्मसमभाव म्हणतात आणि तो शब्द पुरेसा आहे. निरपेक्ष वगैरे कोरडं वाटतं. आपल्या मातीत प्रेम आहे, तटस्थता नाही.

नीलाक्षी_बडोदा

गिरनारी, गालिच्याचा उल्लेख वाचून खरंच आनंद झाला. माझे आजोबा ती गोष्ट सांगताना आवाज हळू करायचे. महाराज १८७० साली गेले आणि गालिचा मदिनेला पोचलाच नाही. २००९ साली दोह्यात त्याचा लिलाव झाला, जवळजवळ ५५ लाख डॉलरना.

मला त्या राजाच्या मनाचा मोठेपणा मान्य आहे. पण त्या गालिच्याकडे शेतसारा भरणाऱ्या कुणब्याच्या बाजूनं पाहा. पैसा त्याचा. गालिचा मदिनेला जाणार की सोन्याची पालखी डाकोरला, हे ठरवताना त्याला कुणी विचारलं नाही. आणि एका राजाचं मन मोठं म्हणून जे मिळतं, ते पुढच्या राजाचं मन लहान असलं की जातं. आपल्याच शहराच्या इतिहासात खंडेरावांनंतर मल्हारराव आले आणि पाच वर्षांत गैरकारभारापायी गादीवरून काढले गेले, ते सगळ्यांना ठाऊक आहे.

अशोकाचा लेख मला वंदनीय आहे. तरी तो राजानं प्रजेला केलेला उपदेश आहे. प्रजेनं राजापुढे ठेवलेली अट नव्हे. समभाव देणाऱ्याच्या मनात असतो, आणि मला तो घेणाऱ्याच्या हक्कात हवा आहे. मन बदललं तरी टिकेल असा.

न्यायमंदिर

मी बडोद्याच्या कोर्टात २६ वर्षं वकिली करतो. ताईंनी करातल्या पैशाचं लिहिलं, ते कलम २७ आहे. विशिष्ट धर्माच्या संवर्धनासाठी ज्याचं उत्पन्न खर्च होणार आहे असा कर भरायला कुणालाही भाग पाडता येत नाही. गुजरातेत याची आठवण संविधानाच्याही आधीची आहे. १९४७ साली सोमनाथाच्या जीर्णोद्धाराचं ठरलं तेव्हा गांधीजींनी आग्रह धरला की सरकारी तिजोरीतला पैसा लागता कामा नये, लोकांनी वर्गणी काढावी. सरदारांना ते पटलं, ट्रस्ट झाला, मंदिर लोकांच्या पैशातून उभं राहिलं. त्यात देवाचा अपमान कुणाला दिसला नाही. (संविधानात अपवादही आहे. कलम २९०क प्रमाणे त्रावणकोर देवस्वम निधीला दरवर्षी ४६ लाख ५० हजार आणि तामिळनाडूतल्या देवस्वम निधीला १३ लाख ५० हजार रुपये जातात. संस्थानं विलीन होतानाच्या बांधिलकीतून ते आलं.)

आता शब्दाचं. १९७६च्या ४२व्या दुरुस्तीनं 'सेक्युलर' उद्देशिकेत आला हे सगळे सांगतात. त्यावरून तो आणीबाणीत बाहेरून चिकटवला असाही निष्कर्ष काढतात. पण हा शब्द १९५०च्या मूळ संविधानातही आहे. कलम २५, खंड २, उपखंड क. धर्माचरणाशी जोडलेल्या आर्थिक, वित्तीय, राजकीय किंवा अन्य 'सेक्युलर' व्यवहारांवर राज्य कायद्यानं नियमन करू शकतं. आणि हिंदी संविधानात तिथे काय शब्द आहे? 'लौकिक'. एकाच संविधानात एकाच इंग्रजी शब्दाला एका ठिकाणी लौकिक, दुसऱ्या ठिकाणी पंथनिरपेक्ष. सूरसागरकाठ यांनी सांगितलेला प्रपंच तो हाच.

उद्देशिकेआधीही प्रयत्न झाला होता. १५ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत के. टी. शहा यांनी पहिल्या कलमात 'सेक्युलर, संघराज्यात्मक, समाजवादी' असे शब्द घालण्याची दुरुस्ती मांडली. डॉ. आंबेडकरांनी ती स्वीकारली नाही. त्यांचा युक्तिवाद मुख्यतः समाजवादाबद्दल होता : समाजाची आर्थिक घडी कशी असावी हे त्या त्या काळच्या लोकांनी ठरवावं, संविधानानं त्यांचे हात बांधू नयेत. त्याच्याही आधी १९३१च्या कराची काँग्रेसच्या ठरावात राज्य सर्व धर्मांबाबत तटस्थ राहील असं स्पष्ट म्हटलं आहे. १९९४ साली बोम्मई खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं हे तत्त्व संविधानाच्या मूलभूत चौकटीचा भाग ठरवलं, आणि २५ नोव्हेंबर २०२४ रोजी उद्देशिकेतल्या शब्दांना दिलेलं आव्हान फेटाळलं. तेव्हा कायद्यापुरता हा वाद मिटलेला आहे.

लोकांच्या लक्षात येत नाही ती शपथ. आपला मंत्री 'ईश्वरसाक्ष शपथ घेतो की' म्हणू शकतो किंवा 'गांभीर्यपूर्वक दृढकथन करतो की' म्हणू शकतो. हा पर्याय फुकट मिळालेला नाही. चार्ल्स ब्रॅडलॉ हा निरीश्वरवादी माणूस १८८० साली नॉर्थॅम्प्टनमधून ब्रिटिश संसदेत निवडून आला. देवाच्या शपथेवरून त्याला बसू दिलं नाही. मतदारांनी त्याला पुन्हा पुन्हा निवडून दिलं, सभागृहानं पुन्हा पुन्हा अडवलं, एक रात्र कोठडीतही ठेवलं. १८८६ साली जागा मिळाली, १८८८ साली शपथेचा कायदा बदलला. पुढच्याच वर्षी तो मुंबईच्या काँग्रेस अधिवेशनाला आला. १८९१ साली त्याच्या अंत्यविधीला लंडनमधले भारतीय विद्यार्थी गेले, त्यांत काठियावाडातला एक तरुण होता, मोहनदास गांधी. शब्द आपल्याकडे कसा पोचला असं ताईंनी विचारलं, त्यातली ही एक वाट.

पादरा_रोड_२

पहिल्यांदाच लिहितोय, वाचक जुना आहे. मी मूळचा रत्नागिरीकडचा, मराठी बोलणारा मुसलमान. बडोद्यात कारखान्यात नोकरीला येऊन चार वर्षं झाली.

ताईंनी 'अपेक्षा' म्हटलं ते मला फार लागलं. घर शोधताना फोनवर मराठीत बोलायला लागलो की दलाल खूश व्हायचे, मराठी कुटुंब म्हणजे भाडं वेळेवर. मग ठरलेला प्रश्न, "नाव काय म्हणालात?" नाव सांगितलं की पलीकडे दोन सेकंद शांतता, आणि मग घरमालक बाहेरगावी गेलेले असायचे. एका सोसायटीत तर मी आणि बायको किल्ली हातात घेऊन आतल्या खोल्या बघत होतो. बायको ओट्यापाशी उभी राहून म्हणाली, इथं मिक्सरचा प्लग बरोबर ठिकाणी आहे. तेवढ्यात चिटणीस वर आले, आधारकार्ड बघितलं, आणि म्हणाले, "वाईट वाटून घेऊ नका, मला काही नाही, पण वरचे लोक." आम्ही किल्ली ओट्यावर ठेवून खाली आलो.

मला कुणाचा समभाव नकोय. मला भाडेकरू व्हायचं होतं.

अलका_निझामपुरा

पादरा_रोड भाऊ, वाचून डोळ्यांत पाणी आलं. याच शहरात १९१७ साली हेच झालं होतं हो. बाबासाहेब आंबेडकर सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर कोलंबियात शिकून करारानुसार नोकरीला आले. महाराज त्यांचे चाहते. तरीही शहरात त्यांना छप्पर मिळेना. दीड रुपया रोजानं पारशी विश्रामगृहात पारशी नाव सांगून राहावं लागलं. अकराव्या दिवशी काठ्या घेऊन माणसं दारात आली. एका हिंदू आणि एका ख्रिस्ती मित्राला विचारलं, दोघांनीही घरात घेतलं नाही. मग कमाटीबागेत जाऊन बसले आणि रात्रीच्या गाडीनं मुंबईला गेले. त्या जागेला आता संकल्पभूमी म्हणतात. मी नातवंडांना घेऊन जाते तेव्हा झाडाखाली थोडा वेळ नुसती बसते.

नीलाक्षी, तुझ्या मुद्द्याला यापेक्षा मोठा दाखला नाही. सयाजीरावांसारखा राजा असूनसुद्धा!

गिरनारी

पादरा_रोड, तुमच्याबाबतीत जे घडलं ते वाईट झालं. मनापासून लिहितोय. माझा सर्वधर्मसमभाव तुम्हाला खोली देऊ शकला नाही, हे मला मान्य करावं लागतं.

पण दोन प्रश्न राहतात आणि ते टाळू नका. एक, घरमालक म्हणजे राज्य नव्हे. सेक्युलर राज्य असेल, माणसाच्या घराचं दार कायद्यानं कसं उघडणार? दोन, राज्य खरंच लांब राहतं का? देशात अनेक ठिकाणी मंदिरांचा कारभार सरकारी अधिकारी बघतात. मग निरपेक्षता कुठे गेली?

न्यायमंदिर

दोन्ही प्रश्न रास्त आहेत.

पहिला. कलम १५ चा पहिला खंड राज्यावर बंधन घालतो. दुसरा खंड मात्र नागरिकांवरही घालतो : दुकानं, उपाहारगृहं, हॉटेलं, विहिरी, तलाव, रस्ते, तिथे धर्म, जात, लिंग यावरून कुणाला अडवता येत नाही. हॉटेलं का घातली हे बडोद्याच्या त्या संध्याकाळनंतर वेगळं सांगायला नको. पण त्या यादीत भाड्याचं घर नाही. उलट २००५ साली, अहमदाबादेतल्या एका पारशी सहकारी गृहसंस्थेच्या खटल्यात, सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की सभासदत्व आपल्या समाजापुरतं ठेवणारा पोटनियम संस्थेला करता येतो. माझ्या मते कायद्यातली ही जागा रिकामी राहिली आहे आणि ती भरायला हवी. शिवाय गुजरातेत 'अशांत धारा' नावाचा कायदा आहे. अशांत म्हणून जाहीर केलेल्या भागात कलेक्टरच्या परवानगीशिवाय मालमत्ता विकता येत नाही. हेतू होता दंगलीनंतर घाबरून मातीमोल भावानं होणारी विक्री थांबवण्याचा. प्रत्यक्षात सरकारी टेबलावर विकणाऱ्याचा आणि घेणाऱ्याचा धर्म शेजारी शेजारी लिहिला जातो.

दुसरा प्रश्न ज्यांनी जवळून पाहिला आहे त्यांनी सांगावा. आपल्यात एका मंदिराचे विश्वस्त आहेत.

मांडवी_विठ्ठल

विश्वस्त मीच. आमचं लहान देवस्थान आहे, मराठी मंडळींचं. वर्षातून एकदा हिशेब तपासून चॅरिटी कमिशनरकडे जातो. १९५०चा सार्वजनिक विश्वस्त कायदा, मुंबई राज्यातला, तो गुजरातकडेही आला. दानपेटी दोन विश्वस्तांसमोर उघडायची, सुटे पैसे ताटात ओतून मोजायचे, रजिस्टरात सही, दुसऱ्या दिवशी बँकेत भरणा. मंदिराची जागा विकायची तर परवानगी लागते. काकड्याची वेळ, नैवेद्य, कीर्तनाला कोण, हे आम्हाला आजवर कुणी विचारलेलं नाही. जैन देरासराचे ट्रस्टी त्याच कचेरीत, त्याच बाकावर भेटतात. दानपेटी लौकिक, काकडा अलौकिक. ही रेघ मला पटते, कारण या तपासणीमुळेच आमच्याकडचं एक जुनं गैरव्यवहाराचं प्रकरण बाहेर आलं होतं.

गिरनारी म्हणतात तसा पूर्ण कारभारच अधिकाऱ्याच्या हाती असेल तर ती रेघ ओलांडली गेली, असं माझंही मत आहे. तिथे मी त्यांच्या बाजूचा.

अलका_निझामपुरा

पण मग सयाजीरावांचं काय? त्यांनी १९०२ साली विधवाविवाहाचा कायदा केला, १९०४ साली बालविवाह रोखण्याचा, १९३१ साली हिंदूंना घटस्फोटाचा, देशात हिंदू विवाह कायदा येण्याच्या चोवीस वर्षं आधी. १९१५चा पुरोहित कायदा तर थेट भटजींची परीक्षा घेणारा. मंत्रांचा अर्थ माहीत हवा, यजमानाला समजावता यायला हवा. हे सगळं धर्मात हात घालणंच होतं ना? माझ्या आजीचं दुसरं लग्न त्या कायद्याच्या आधारावर झालं. मांडवी_विठ्ठल यांच्या रेघेप्रमाणे महाराज चुकले असं म्हणायचं का? मी नाही म्हणणार.

सूरसागरकाठ

मावशी, फ्रान्सनं १९०५ च्या कायद्यानं राज्य आणि चर्च वेगळी केली. अमेरिकेनं १७९१ च्या पहिल्या दुरुस्तीत सरकारला धर्मस्थापना करायला मनाई केली. दोघांकडे माणूस चर्चबाहेर पडला की मोकळा व्हायचा. आपल्याकडे विधवेचं केशवपन, विहिरीवरची शिवाशिव, नवऱ्यानं टाकलेली बाई हे सगळं धर्माच्या नावानं घरात, स्वयंपाकघरात घुसलेलं. राज्य फक्त लांब उभं राहिलं असतं तर तुमच्या आजी आहेत तिथेच राहिल्या असत्या. म्हणून आपल्या संविधानानं अस्पृश्यता कलम १७ नं रद्द केली आणि हिंदू मंदिरं सर्व वर्गांना खुली करण्याचा अधिकार कलम २५ मध्येच लिहून ठेवला. नुसती तटस्थता इथे पुरत नव्हती.

माझ्यापुरता निकष असा की हात घातल्यानं माणूस मोकळा झाला की देवस्थान ताब्यात आलं. महाराज पहिल्यात बसतात.

२००५ च्या निकालाबद्दल एक राहिलं. होलिओकनं ज्यांचा इतिहास लिहिला त्या रॉचडेलच्या विणकरांनी सहकाराचं दार सर्व पंथांना उघडं ठेवलं होतं. सहकारी शब्द लावायचा आणि धर्म विचारून सभासद करायचा, हे त्या चळवळीच्या मुळावर घाव घालणं आहे. मी स्वतः एका गृहसंस्थेच्या समितीवर आहे. येत्या सर्वसाधारण सभेत आमच्या पोटनियमांत 'कोणत्याही धर्माची व्यक्ती' हे शब्द घालण्याचा ठराव मांडतो आहे.

गिरनारी

मावशींच्या आजीपुढे माझ्याकडे उत्तर नाही. मंदिरांच्या कारभाराबद्दल माझं मत बदललेलं नाही. सूरसागरकाठ, ठरावाला अनुमोदक लागला तर मी त्याच संस्थेत बी विंगला राहतो, तुम्हाला माहीत नसेल.

कीर्ती_म

जरा वेगळं. संविधानाच्या मूळ हस्तलिखित प्रतीवरची चित्रं नंदलाल बोस आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी काढली. त्याच नंदलालांची भित्तिचित्रं आपल्या कीर्तिमंदिरात आहेत, गंगावतरण, मीराबाई, नटीर पूजा. पादरा_रोड भाऊ, पाहिली नसतील तर रविवारी या, मी दाखवते. मिसेसनाही आणा.

पादरा_रोड_२

नक्की येतो, ताई. घर मिळालं आहे, गेल्या वर्षी. एका शिक्षक काकांनी दिलं. त्यांनी नाव विचारलंच नाही, पाणी किती वाजता येतं ते आधी सांगितलं.

नीलाक्षी_बडोदा

न्यायमंदिर, एक कामाचा प्रश्न. मुलीच्या नावात शाळेच्या दाखल्यात चूक आहे, सोगंदनामा, म्हणजे शपथपत्र, करायचा आहे. नमुना बघितला तर पहिलीच ओळ, 'हुं नीचे सही करनार, धर्मे हिंदू, उंमर वर्ष...' आणि पुढे 'मारा धर्मना सोगंद उपर जाहेर करुं छुं'. हे असंच लिहावं लागतं का?

न्यायमंदिर

नाही. १९६९च्या शपथ कायद्याच्या कलम ५ प्रमाणे साक्षीदारालाही शपथेऐवजी प्रतिज्ञेवर सांगता येतं. ती ओळ जुन्या छापील नमुन्यातून चालत आली आहे. 'प्रतिज्ञापूर्वक जाहेर करुं छुं' एवढं पुरतं, आणि धर्माचा उल्लेख गाळला तरी दाखल्याच्या कामाला बाधा येत नाही. दिवाळीपुऱ्याच्या कोर्टात या, बाहेर टायपिस्ट बसतात. मूळ दाखला आणि आधारकार्ड आणा.

नीलाक्षी_बडोदा

आज जाऊन आले, मुलीलाही नेलं होतं. टायपिस्टभाईंचे हात 'धर्मे'पाशी थांबले. "धर्म नथी लखवो, बेन?" मी म्हटलं, "ना भाई, प्रतिज्ञापूर्वक लखो." ते म्हणाले, "चालशे," आणि ती जागा सोडून वयापासून पुढे टाइप केलं. नोटरींनी वाचून शिक्का मारला. पंधरा मिनिटं लागली. दुपारी शाळेनं कागद घेतला.